पाणी ज्या वाटेनं येतं

केडगावहून वडगाव रासाईला स्कूटीवर जायला फार वेळ लागत नाही. भीमेचा पूल ओलांडला की दौंड तालुका मागे पडतो, शिरूर सुरू होतो आणि माझं वय आपोआप कमी होतं. त्या पौषात मी दर रविवारी अशी तरुण होऊन माहेरी जात होते. डिकीत बदामाची पुडी, एक दोनशे पानी वही आणि मोबाइलमध्ये स्मरणशक्ती वाढवण्याचे जमतील तेवढे उपाय. वडिलांना, आमच्या आप्पांना, विसर पडायला लागला होता. मी तीस वर्षं पोरांकडून पाढे म्हणवून घेतलेली बाई. विसरणाऱ्याला माझ्याकडे कधी माफी नव्हती.

आप्पांनी ऐंशी ओलांडलेली. चहा पिऊन झाल्यावर पुन्हा चहा मागायचे, त्याचं घरात कुणाला काही वाटत नव्हतं. अडचण वेगळीच होती. नदीपासून आमच्या मळ्यापर्यंत जमिनीखालून पाण्याची लाइन येते, सिमेंटच्या पाइपांची. आप्पांनी स्वतः राबून टाकलेली. वाटेत सहा-सात जणांची शेतं आहेत. ती कुठं वळते, तिचे सांधे कुठं आहेत, याचा कागद कुठंच नाही. आमच्या भागात सगळ्यांच्याच लाइनी अशा घरातल्या एका माणसाच्या डोक्यात असतात. खुणा केलेल्या असतात, नाही असं नाही. पण त्या कशा, तर अमक्याच्या कडब्याच्या गंजीपासून बारा पावलं. ती गंजी त्याच उन्हाळ्यात बैलांनी खाऊन संपवलेली. किंवा चिंचेच्या सावलीच्या टोकाला. सावली सकाळची की दुपारची, हे विचारावं असं तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि आता चिंचही नाही.

तर ती लाइन कुठंतरी फुटली होती. नदीवर मोटर चालू केली की पाणी जोरात निघायचं आणि मळ्यात निम्मंच पोचायचं. वाटेत सगळी भिजवलेली रानं, त्यामुळे ओल कुठली त्यांची आणि कुठली आमची ते कळेना. शेती धाकटा भाऊ बघतो. त्याचा कांदा सुकायला लागला होता. त्यानं रस्त्याच्या कडेनं नवी लाइन टाकायचं ठरवलं, पौष संपतानाच्या सोमवारी सकाळी जेसीबी सांगितला, आणि जुनी लाइन सोडून द्यायची म्हणाला. आप्पांनी त्याआधी फुटलेली जागा दाखवली तर मात्र जेसीबी नको. चुकीचं काही बोलला नाही तो. पण आप्पांचं जेवण त्या दिवसापासून तुटलं. ती लाइन गेली की त्यांना कुणी काही विचारायला येणार नव्हतं. ते त्यांना पुरतं कळत होतं, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून मलाही.

म्हणून मी चंग बांधला. सकाळी भिजवलेले बदाम. मग डाव्या हातानं दात घासणं, कारण त्यानं म्हणे मेंदू जागा होतो. आप्पांनी एक दिवस घासले आणि ब्रश माझ्या हातात दिला. ऐकलेली गोष्ट मोठ्यानं तीनदा म्हणायची, थोड्या वेळानं पुन्हा म्हणायची. चष्मा, काठी, टोपी ठरलेल्या जागी. मी वहीत लाइनचा नकाशा काढायला बसले आणि त्यांना प्रश्न विचारत सुटले. पहिलं वळण कुठं? दुसरं? आप्पा माझ्याकडे बघायचे, मग वहीकडे, मग अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबड्यांकडे. मी आणखी हळू आणि आणखी मोठ्यानं विचारायचे. वर्गात फळ्यापाशी उभं करून ठेवलेल्या पोराचा चेहरा त्यांना यायचा, तरी मला सोडवत नव्हतं.

शेवटच्या रविवारी मी त्यांना घेऊन घरापासून चालत निघाले. जागा बघितली की आठवतं, असं मोबाइलमध्ये होतं. दुसऱ्या बांधापर्यंत ते बरोबर आले आणि तिथं थांबले. डावीकडे गेले, परत आले, उजवीकडे गेले. मग बांधावर बसले आणि म्हणाले की घरी जाऊ. वाटेत मी त्यांचा हात धरला होता, तो त्यांनी सोडवून घेतला. मला स्वतःचा राग आला, आणि खरं सांगायचं तर त्यांचाही आला.

त्या दिवशी मी मुक्कामाला राहिले. सोमवारी उजाडताना उठले तर आप्पा टोपी घालून ओट्यावर बसलेले. मोटर चालू करायला नदीवर सोडतेस का, असं त्यांनी विचारलं. जेसीबी दहाला येणार होता. मला आता कुठलाच उपाय करायचा नव्हता. मी वही घरात ठेवली आणि स्कूटी काढली.

नदीवर धुकं इतकं होतं की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं, समजत नव्हतं. पलीकडचा दौंडचा काठ कुणी पुसून टाकला होता. मोटर घरघरली, पाइप थरथरला. आप्पांनी त्याच्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग चपला काढल्या, काठीला अडकवल्या आणि चालायला लागले.

"काल तू मला घराकडनं चालवलं," ते मागे न बघता म्हणाले. "पाणी घराकडनं निघतं व्हय?"

मी त्यांच्या मागून निघाले. उसाला तुरे आले होते आणि तुऱ्यांवरून दव गळत होतं. दोन सरींच्या मधली वाट जेमतेम एका माणसाची, पानं दोन्ही बाजूंनी तोंडावर यायची. आप्पा अनवाणी, न अडखळता, पाण्याच्या चालीनं चालले होते. मध्येच डावीकडे वळायचे, चार पावलं पुढे गेल्यावर हलकंच काही सांगायचे. इथं दगड लागला म्हणून वळवली. इथं नांगर लागेल म्हणून खोल घेतली. इथं भाकरी खाल्ली. सगळं आत्ता चाललंय असं सांगत होते. मला पहारीचे आवाज यायला लागले, ओल्या सिमेंटचा वास यायला लागला, आणि आपण कशासाठी निघालोय हे मी चक्क विसरले. किती चाललो कोण जाणे. धुक्यात वेळ कळत नाही. ती सकाळ आणखी लांबली असती तर मला हवीच होती.

कांद्याच्या एका वाफ्याच्या कोपऱ्यावर आप्पा थांबले. उजवा पाय उचलला, पुन्हा टेकवला, अंगठा मातीत रुतवला. "हितं," म्हणाले. "खालनं गार लागतंय."

मी भावाला फोन केला. तो कुदळ-फावडं घेऊन आला, शेतमालकाला विचारून कांद्याची चार रोपं हळुवार बाजूला काढली आणि खणायला लागला. कमरेइतकं खोल गेल्यावर चिखल बुडबुडला आणि सांध्यावरची सिमेंटची गोल कॉलर दिसली, एका अंगाला तडकलेली. भाऊ खड्ड्यातूनच फोनवर बोलला, जेसीबी नको म्हणून. मग वर आप्पांकडे बघून हसला.

भाऊ मोटर बंद करायला नदीवर गेला तेव्हा आप्पा खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसले. मी शेजारी. ते कॉलरकडे बघत होते.

"पाइप बसवला की तू त्या तोंडाला बसायची, मी ह्या तोंडाला," ते म्हणाले. "आत माती ऱ्हायली का बगायला तू तिकडनं बोलायचीस. आवाज नीट आला की मंगच मी म्होरला पाइप लावायचो. सगळी लाइन तुज्या आवाजावर टाकली."

मी तेव्हा सात वर्षांची असेन. मला यातलं काहीही आठवेना. डोळे मिटले, पाइपाचं गार तोंड कल्पून बघितलं, त्यात डोकं घातलं, एखादा शब्द सापडतो का बघितलं. काही नव्हतं. ज्यांची परीक्षा घेत मी इतके रविवार फिरले, त्यांच्याजवळ मी सात वर्षांची अख्खी होते, आणि माझ्याजवळ मी नव्हते.

"काय बोलायचीस ते मातर गेलं बग माज्याकडनं," आप्पा म्हणाले. "तुज्या ध्यानात असंल."

ते माझ्याकडे बघत होते.

"हाय, आप्पा," मी म्हटलं. "हाय ध्यानात."

"मंग मी इसरलो तरी चालतंय," ते म्हणाले.