वाचता न येणारी मुले : निरंक

बैठकांना बसणं हा माझ्या नोकरीचा निम्मा भाग आहे, आणि मला एका जागी दहा मिनिटंही धड बसवत नाही. मी केंद्रप्रमुख आहे, म्हणजे मौद्याकडच्या डझनभर जिल्हा परिषद शाळा माझ्या गळ्यात आहेत. राहते नागपुरात, रोजचं अप-डाउन. शाळेत गेलं की जीव रमतो, पण तिथे जायला वेळ कुठे असतो? वरून मेसेज येतो, ‘माहिती अकरा वाजेपर्यंत सादर करावी’, आणि तो वाचेपर्यंत साडेदहा झालेले असतात.

अशा घाईसाठी आमच्याकडे एक शब्द आहे, निरंक. रकान्यात सांगण्यासारखं काही नसेल तर तिथे निरंक लिहायचं. गळकं छप्पर, निरंक. शाळाबाह्य मुलं, निरंक. खरं सांगायचं तर माहिती हातात नसली तरी आम्ही निरंकच लिहितो, कारण रिकाम्या रकान्यावर लगेच फोन येतो आणि निरंकवर कोणीच फोन करत नाही. सवय इतकी की, बाजारातून काही आणायचं का असं नवऱ्याने विचारलं तेव्हा मी निरंक म्हणून मोकळी झाले होते.

त्या मार्चमध्ये रकाना होता ‘वाचता न येणारी मुले’. एक शाळा सोडून सगळ्यांचं निरंक आलेलं. राहिलेल्या शाळेचे गुरुजी फोन उचलेनात. त्या गावात रेंज शाळेमागच्या बांधावरच मिळते, हे मला ठाऊक होतं. अकराला चार मिनिटं उरली होती. मी त्यांच्यापुढेही निरंक लिहिलं आणि पाठवून दिलं.

पावणेबाराला गुरुजींची यादी आली. तीन नावं होती. शेवटच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘चौथी. अक्षरं ओळखते, जोडता येत नाहीत.’ दुरुस्ती उद्या पाठवू, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुसरीच माहिती मागवली गेली आणि ते राहून गेलं.

पंधरा दिवसांनी नागपुरात जिल्ह्याची बैठक झाली. शिक्षणाधिकारी साहेबांनी पडद्यावर वर्षाची उद्दिष्टं, उपक्रम, काय साधलं ते सगळं दाखवलं. माणूस तळमळीचा, न कळवता शाळेत जाऊन पोरांबरोबर खिचडी खाणारा. त्यांची नवी योजनाही चांगली होती. वाचता न येणारी मुलं असतील त्या गावात उन्हाळाभर रोज सकाळी वाचनवर्ग, गावातलीच शिकलेली एखादी ताई शिकवणार. मग गावांची यादी पडद्यावर आली. माझं केंद्र त्यात नव्हतंच. ते पुढच्या पानावर होतं, हिरव्या रंगात, ‘सर्व मुले वाचतात’ या मथळ्याखाली.

गुरुजी माझ्या शेजारीच बसले होते. ते कानाशी म्हणाले, “मॅडम, आपल्या शाळेचं नाव त्या यादीत काहून नाही? मी तं तीन लेकरं कळवली होती.”

“उशिरा आली तुमची यादी, सर.”

“दुसरीतल्या दोघांचं मी पाहून घेईन, ते माझ्यापाशीच हायेत. पण थे पोरगी जूनमंधी मोठ्या गावच्या शाळेत जाते. पाचवीत तिले बाराखडी कोण शिकवन?”

मी काही बोलायच्या आत माईकवर माझं नाव पुकारलं गेलं. मॅडमनी आपला अनुभव सांगावा, असा आग्रह. स्टेजपर्यंत जाताना मी दोन वाक्यं जुळवली होती. तीन मुलं राहिली आहेत, चूक माझी आहे, एवढंच. वर पोचले, साहेब कौतुकाने हसले, समोर अख्खा जिल्हा बसलेला. माझी पाचावर धारण बसली. मी अक्षरं-चित्रं रंगवलेल्या बोलक्या भिंतींवर बोलले, शनिवारच्या वाचनतासावर बोलले, चांगली पाच मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या. गुरुजींनीही वाजवल्या, आणि मला स्वतःची विलक्षण चीड आली.

आलुबोंड्याच्या रांगेत मी साहेबांना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी प्लेट खाली ठेवली.

“मॅडम, यादी काल पक्की झाली. ताया नेमून झाल्या. पंधरा दिवस होते तुमच्याजवळ.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी परत येऊन गुरुजींना म्हटलं, “त्या मुलीसाठी मी येते.”

“उन्हाळाभर?”

“उन्हाळाभर.”

“मौद्याचं ऊन पाहून घ्या बरं, मॅडम,” ते म्हणाले. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

मे महिन्यात सकाळी सातला मी शाळेच्या व्हरांड्यात असायची. उन्हाने डोकं भणभणायचं, फोन सारखा थरथरायचा, मी तो पर्समध्ये कोंबायची. मुलगी चुणचुणीत होती. अख्खं पुस्तक घडाघडा म्हणायची, मात्र बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्याच ओळीवर. चित्रांवरून धडा ओळखून तिने चार वर्षं काढली होती. मी चित्रावर हात ठेवला की ती गप्प व्हायची. एकदा मी तिच्यावर खेकसलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी ती येईल की नाही, या धास्तीने मी अर्धा तास आधीच जाऊन फाटकाशी येरझारा घातल्या. ती आली.

त्या दिवशी तिने ‘कमळ’ वाचलं, चित्राशिवाय. मग इकडेतिकडे पाहिलं. गुरुजी अंगणात झाडांना पाणी घालत होते. ती हळूच म्हणाली, “मॅडम, मले वाचता येत नाही हे तुमी कोनाले सांगू नका.”

“नाही सांगितलं,” मी म्हणाले. भर सभेत, सांगायची वेळ आली तेव्हा, मी खरोखरच सांगितलं नव्हतं.

तिचा जीव भांड्यात पडला आणि ती पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून हसली.