नाचणेकरांचे फायदे-तोटे

जयप्रकाश नाचणेकर म्हणजे अस्सल परळचा माणूस. १९९४ साली नेरूळला भाड्यानं राहायला आले तेच मुळी धाकट्या भावाला, सुधीरला, बजावून. "अकरा महिन्यांचा करार आहे. नाही जमलं तर परत येतो. माझी खोली हलवू नकोस." आता दहा महिने उलटले होते, सुधीरच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि परळच्या दोन खोल्यांपैकी ही एक नव्या जोडप्याला हवी होती. रविवारी काय ते सांग, असा सुधीरचा निरोप आला.

नाचणेकर बँकेतले. कुठलीही गोष्ट लेखी केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. कॅलेंडरचं मागचं पान फाडून त्यांनी मधोमध रेघ मारली आणि फायदे-तोटे लिहायला बसले. आता ज्याच्या मनातून परळ सुटलेलंच नाही, तो माणूस लिहिणार काय? पाणी दिवसभर येतं, हे गेलं तोट्यात, कारण माणूस आळशी होतो. वारा भरपूर, हाही तोटा, पेपर उडतो. शेजारी बेल वाजवून येतात, हा तर मोठाच तोटा. बेल वाजवून येतो तो शेजारी कसला? फायद्याची बाजू कोरी करकरीत राहिली.

त्यांची बायको वैशाली पोळ्या लाटत होती. तिनं पान ओढलं आणि पिठाच्या हातानं फायद्यात दोनच शब्द लिहिले, 'संडास घरात'. बावीस वर्षं ती परळला बादली घेऊन रांगेत उभी राहिली होती. नाचणेकरांनी पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. ह्यात तोटा काही केल्या सुचेना.

"पण आपण मुंबईकर आहोत," एवढंच ते म्हणाले.

हे त्यांचं जुनं दुखणं. नेरूळची माणसं सर्रास म्हणत, 'मुंबईला जाऊन येतो.' नाचणेकरांच्या घरात ह्या वाक्याला बंदी होती. लेक जाई एकदा चुकून बोलली, तर तिला अर्धा तास ऐकवलं. "कॉलेजला जाते म्हण, दादरला जाते म्हण. मुंबईतला माणूस मुंबईला जात नसतो."

रविवारी सकाळी ते कपडे करून तयार झाले. परत येतोय, असं परळला सांगायचं पक्कं ठरलं होतं. तेवढ्यात शेजारच्या सारसोळे गावची पुतळा कोळीण टोपली घेऊन दारात आली.

"दादा, सांजच्याला ताजी कोलबी हाय. आनू काय?"

"आज नको, मावशी. मी मुंबईला चाललोय."

आतलं लाटणं थांबलं. जाईनं पुस्तकातून मान वर केली. पुतळेला त्याचं काय, ती "बरं, जावा" म्हणून चालती झाली. नाचणेकर मात्र एक चप्पल पायात नि एक हातात, असे उभे. दहा महिने डोळ्यांत तेल घालून राखण केली आणि शेवटी कोळणीपुढे जीभ घसरली. आता परळला जाऊन परत येतोय म्हणून कुठल्या तोंडानं सांगणार?

"परळची किल्ली कुठे आहे गं?" त्यांनी विचारलं. वैशालीनं ती आणून दिली. हसली नाही, हे तिचे उपकारच.

परळला त्यांनी किल्ली सुधीरच्या हातात ठेवली. सुधीरचा चेहरा खुलला, पुतण्या पाया पडला. नाचणेकर निघायला उठले तशी सुधीरची बायको गोजरा स्वयंपाकघरातून म्हणाली, "भाऊजी, आता आलाच आहात तर जेवूनच जा."

पंचेचाळीस वर्षं ते त्या घरात जेवले होते. ताटं मांडली की हाक यायची, बस्स. जेवून जा, असं पाहुण्याला म्हणतात. नाचणेकरांना फार वाईट वाटलं, डोळे भरून आले. तरी ते बसले, पोटभर जेवले, आणि उठताना पाहुण्यानं म्हणावं तसं म्हणाले, "आता तुम्ही सगळे या एकदा आमच्याकडे."