खेपेमागे शंभर गॅलन

६ फेब्रुवारी २००४, शुक्रवार. अडतीस दिनार पाचशे फिल्स. एवढी रक्कम लवू धुरीने कुवेतमधल्या फहाहील शहरातल्या एका खाजगी संस्थेच्या खिडकीत मोजून ठेवली आणि पावती घडी करून ओळखपत्राच्या पाकिटात घातली. पावतीवर लिहिले होते: प्राथमिक बीजगणित, प्रौढांसाठी, बारा शुक्रवार. खिडकीतल्या माणसाने विचारले की नोकरीच्या बढतीसाठी का? लवू हो म्हणाला. खरे कारण त्याने जगात एकाच माणसाला सांगितले होते, आणि तेही आपणहून नव्हे.

लवू त्रेचाळीस वर्षांचा, वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीतला. १९७८ साली दहावीला गणितात एकोणीस गुण पडले आणि शाळा तिथेच संपली. कुवेतमधल्या तेलाच्या विहिरी विझल्या, त्याच्या पुढच्या वर्षी तो वफ्राला एका शेतावर आला. टोमॅटो आणि काकडीची चौदा ग्रीनहाऊस होती. पहिली दोन वर्षे त्याने तोडणी केली. मग एकदा पंपघरातल्या माणसाच्या रजेत त्याने हौदातले पाणी बोटाने चाखून सांगितले की आज खारे जास्त झाले आहे. शेताचे इजिप्शियन इंजिनियर समीर यांनी खारेपणाचा मीटर लावून पाहिला. लवू बरोबर निघाला. त्या दिवसापासून पंपघर त्याचे झाले.

काम ऐकायला सोपे. शेतातल्या विहिरीचे पाणी खारे, ते एकटे घातले तर झाड करपते. टँकरने येणारे गोडे पाणी महाग, ते एकटे घालणे परवडत नाही. म्हणून नऊ हजार गॅलनच्या हौदात दोन्ही मिसळायचे. अडचण एवढीच की विहिरीचा खारेपणा रोज सारखा नसतो आणि टँकरवाल्या ठेकेदाराला सकाळी सहाच्या आत फोन करून नेमका आकडा सांगावा लागतो. नंतर वाढवून मिळत नाही. लवू पहाटे विहिरीचे पाणी जिभेवर घ्यायचा, थुंकायचा आणि फोन उचलायचा. जवळपास दहा वर्षे आकडा चुकला नाही. समीरसाहेब पाहुण्यांना पंपघरात आणून त्याला चाखायला लावत, आणि मग मीटर दाखवत. लवूलाही ते आवडायचे, नाही असे नाही.

डिसेंबरात त्याला पंधरा दिवस ताप आला. ताप गेला, तोंडाची चव परत आली नाही. आज येईल, उद्या येईल म्हणून तो गप्प राहिला. एका दुपारी जेवताना कॅम्पचा आचारी शंकर समोर येऊन बसला. शंकर कुडाळचा, लवूचा जुना सोबती.

“डाळीत मीठ कसा हा?” त्याने विचारले.

“बरा हा.”

“बरा खयचा? मी घालूकच नाय आज.”

लवूने ताट पुढे सरकवले. शंकर हसला नाही. गेले आठ दिवस तो पाहत होता. लोणच्याला हात न लावणारा लवू सगळ्या पंगतीत एकटाच.

“इंजिनिराक सांगू नको,” लवू म्हणाला.

“मी कित्याक सांगू? पानांच सांगतली.”

आणि पानांनी सांगितलेच. जानेवारीत चार नंबरच्या ग्रीनहाऊसमध्ये काकडीच्या दोन ओळींची पाने कडेने तपकिरी पडली. समीरसाहेबांनी दोष थंडीला दिला. लवू मान डोलावून बाहेर आला आणि पंपघराच्या पायरीवर बसला. थंडीने पान काळवंडते, मिठाने कडेने जळते, हे त्याला माहीत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ती किती दिवस झाकणार? मेपासून पंप दिवसभर चालतात, विहीर झपाट्याने खारट होते. तेव्हा एक आकडा चुकला तर दोन ओळी नव्हे, चौदाही ग्रीनहाऊस जातील. आणि जिभेशिवाय लवू म्हणजे तोडणीवरचा आणखी एक मजूर.

मीटर कचेरीच्या कपाटात पडून असायचा. साफ करतो असे सांगून त्याने तो आणला. पण मीटर फक्त खारेपणाचा आकडा सांगतो. त्या आकड्यावरून किती गोडे पाणी मागवायचे, ते सांगत नाही. ते गणित होते, आणि गणिताशी लवूचे १९७८ सालीच फाटले होते. फहाहीलच्या किराणा दुकानातल्या फळ्यावर वर्गाची जाहिरात पाहून शंकरनेच ती उतरवून आणली.

शुक्रवारी पहाटे भाजीची पिकअप फहाहीलमार्गे बाजारात जायची. टोमॅटोच्या खोक्यांत बसून लवू वर्गाला जायचा आणि दुपारी रिकाम्या गाडीतून परतायचा. वर्गात सोळा जण होते, बहुतेक त्याच्या निम्म्या वयाचे. शिकवायला सुचित्राबाई, नाशिकच्या. त्यांचे यजमान मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनियर. वर्गात बाई हिंदी आणि इंग्रजीत शिकवत, लवूशी मात्र मराठीत बोलत. त्या त्याला धुरी म्हणत, तो त्यांना बाई. त्यांचे वय पस्तीसच्या आत असेल, पण फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या बाईला लवू दुसरे काय म्हणणार?

पहिले तीन शुक्रवार त्याने डोके आपटले. अज्ञात संख्येला क्ष म्हणा, हेच त्याला पटेना. पहाटे सहाच्या आत फोन करणारा माणूस माहीत नसलेला आकडा लिहील कसा? चौथ्या शुक्रवारी बाईंनी दोन भागांचे उदाहरण घातले: एकूण नऊ, एक भाग क्ष, तर दुसरा किती? लवू जागेवरूनच म्हणाला, नऊ उणे क्ष. त्यात काय विचारायचे? हौदात जेवढे गोडे वाढेल तेवढे खारे कमी. बाईंनी त्याला उभे करून वर्गाला समजावून सांगायला लावले. त्या दिवशी तो रिकाम्या गाडीतून परतला तो हिशेब करतच.

पण कंसाआधीचे उणे चिन्ह काही केल्या वळत नव्हते. कंस सुटला की आतल्या चिन्हांचे काय होते, हे तो दर वेळी विसरायचा. मग त्याने रोजची दहा उदाहरणे ठरवली. दुपारी मोटर चालू असताना पंपघरात बसायचे आणि टोमॅटोच्या खोक्यांचे पुठ्ठे फाडून त्यावर लिहायचे. दहा पुरी झाल्याशिवाय चहा नाही. तोडणीवरची पोरे येता-जाता टोमणे मारत, की काका आता मॅट्रिक होणार आणि लग्नाला उभे राहणार. लवू मान वर करत नसे. शंकरने चुलीजवळ पुठ्ठ्यांची चळत लावली होती. एका सकाळी बिघडलेला कंस शोधायला लवू तिथे गेला, तेव्हा त्यावर डाळ शिजून झाली होती.

१२ मार्चला मधली चाचणी झाली. शेवटचे उदाहरण बाईंनी मुद्दाम त्याच्यासाठी घातले असावे: मीटरवर विहिरीच्या पाण्याचा खारेपणा पाच हजार, गोड्याचा पाचशे, हौद नऊ हजार गॅलनचा, मिश्रण दोन हजारांचे हवे, तर गोडे पाणी किती? लवूने पायऱ्या मांडल्या. क्ष बरोबर सहा हजार आला. त्याखाली त्याने उत्तर लिहिले: सहा हजार दोनशे. त्या उदाहरणाला शून्य मिळाले आणि तो चाचणीत चार गुणांनी नापास झाला.

वर्ग सुटल्यावर बाईंनी त्याला थांबवले. क्ष बरोबर काढून वर दोनशे का घातले, असे त्यांनी विचारले. लवूने सांगितले की टँकर नेहमी कमी ओततो. सांगितले तेवढे मागवले तर पाणी खारट होते, म्हणून तो वर्षानुवर्षे दोनशे वाढवून सांगतो. त्याच्या गावी भात मोजतानाही मापावर एक ओंजळ वर घालतात.

“किती कमी ओततो?”

“ते कधी मोजलं नाही, बाई. जिभेला कळायचं.”

“मग आधी मोजा. माहीत असलेली संख्या समीकरणात लिहायची असते, धुरी. उत्तराला मागून चिकटवायची नसते.”

लवूला राग आला. पण परतताना त्याच्या लक्षात आले की दोनशे हा आकडा आता जिभेचा राहिलेलाच नव्हता. जीभ गेली होती, सवय तेवढी उरली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने लोखंडी सळईवर खडूने खुणा केल्या आणि प्रत्येक खेपेआधी व नंतर हौदाची पातळी मोजली. तीन हजारांच्या टँकरमागे दोन हजार नऊशे पडत होते. अर्ध्या टँकरमागेही शंभरच कमी. आठ दिवस हेच. नवव्या दिवशी तो टँकरच्या शिडीवर चढून आत डोकावला. हौदाजवळची जमीन उतरती होती; टँकरचे तोंड खाली आणि तोटी मागे वर. पुढच्या कोपऱ्यात शंभर गॅलन तसेच राहून परत जात होते. लबाडी कुणाचीच नव्हती. दोनशे हा आकडा मात्र एका खेपेलाही चूक होता आणि तीन खेपांनाही. त्याने पुठ्ठ्यावर लिहिले: मागणी म्हणजे क्ष अधिक, खेपा गुणिले शंभर. ती ओळ पाहून बाईंनी पुठ्ठ्यावरच बरोबरची खूण केली आणि तारीख घातली.

२३ एप्रिलची शेवटची परीक्षा त्याने शंभरपैकी अठ्ठावन्न गुणांनी पास केली. कंसाआधीचे उणे दोनदा चुकले. प्रमाणपत्र त्याने शंकरला दाखवले, आणि शंकरने त्या दिवशी डाळीत मीठ कसे आहे ते विचारले नाही.

१ मे रोजी पहाटे विहिरीच्या पाण्याला मीटरने साडेसहा हजार दाखवले. एका महिन्यात एवढी वाढ लवूने कधी पाहिली नव्हती. त्याने दोनदा मांडून पाहिले. सहा हजार सातशे पन्नास हवे, खेपा तीन, म्हणजे सात हजार पन्नास. सहाला पाच मिनिटे असताना त्याने फोन केला. पलीकडच्या कारकुनाने आकडा परत विचारला, कारण एवढे पाणी या शेताने कधी मागवले नव्हते.

दहा वाजता हौद भरला. तेवढ्यात समीरसाहेब आले, बरोबर मालकाचे दोन पाहुणे. त्यांनी नेहमीप्रमाणे हौदाकडे हात केला आणि चाखून सांग म्हणाले. लवूने बोट पाण्यात बुडवलेही. अंदाजे दोन हजार म्हटले असते तर कुणाला काही कळले नसते. त्याने बोट शर्टाला पुसले.

“साहेब, माझी जीभ गेली,” तो मोडक्या अरबीत म्हणाला. “डिसेंबरपासून. चार नंबरची काकडी थंडीने नाही जळली. माझ्याने जळली.”

पाहुण्यांना कळेना हसावे की काय. लवूने पुठ्ठा पुढे धरला आणि म्हणाला की आजचे पाणी मी जिभेने नाही, यावर केले आहे, मीटर लावा. समीरसाहेबांनी मीटर पाण्यात सोडला. दोन हजार वीस. त्यांनी पुठ्ठा घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला, शेवटच्या ओळीवर थांबले आणि तीनशे जास्त का, असे विचारले. लवूने त्यांना टँकर उभा राहतो त्या उतारावर नेऊन दाखवले.

पाहुणे गेल्यावर ते पंपघरात परत आले. काकडीचे त्यांनी मालकाला सांगितले की नाही, हे लवूला कधी कळले नाही. त्यांनी कपाटाची किल्ली मीटरसकट त्याच्या टेबलावर ठेवली आणि उद्यापासून आकडा मांडलेला कागद कचेरीत आधी पाठवायचा, असे बजावले. तो कागद लवूने पुढे सहा वर्षे, म्हणजे गावी परत जाईपर्यंत, रोज पाठवला. त्या उन्हाळ्यात एकही ओळ करपली नाही.

आठवडाभरात जागा भर घालून सपाट केली. त्या आठवड्यातल्या एकवीस खेपांचे टँकरमध्ये मागे राहिलेले पाणी भरून द्यायला ठेकेदार कबूल झाला. दोन हजार शंभर गॅलनपैकी दोन हजार त्याने जूनमध्ये दिले. शंभर गॅलन गोडे पाणी त्याच्याकडून अजून येणे आहे.