एर्मेलिंदाची पावाची फेरी

आमच्या गावात पावाआधी घरच्यांची चौकशी होते. एर्मेलिंदा सकाळी गाडी आणते, भोंगा वाजवते आणि आम्ही बायका पिशव्या घेऊन दारात येतो. "घरचे कसे आहेत?" आम्ही विचारतो. "चाललंय बाई," ती म्हणते. मग ती आमच्या घरच्यांचं विचारते, आम्हीही "चाललंय" म्हणतो. खरं सांगायला आणि ऐकायला वेळ आहे कुणाला? पण न विचारता पाव उचलणारी बाई म्हणजे शुद्ध उर्मट.

नवरा गेल्यापासून एर्मेलिंदाचे घरचे म्हणजे एकुलता एक अदेरितो. तो लक्झेंबर्गला बांधकामावर आहे. दोन वर्षांपूर्वी इथे आला असताना तिने सुनेच्या सूपला नावं ठेवली, सून रडली आणि तेव्हापासून मुलाचा फोन बंद. तिने हे कुणालाच सांगितलं नाही; गावाला अर्थातच सगळं ठाऊक. तरी आम्ही रोज विचारत राहिलो, "अदेरितो बरा आहे ना?" आणि ती रोज सांगत राहिली, "कामात असतो."

"बंद कर ही फेरी," एकदा मी तिला म्हटलं. "पाय बघ केवढे सुजलेत."

"पायांचं काय घेऊन बसलीस, जॉआकिना? तोंड दुखतं माझं. दारोदार तेच ते उत्तर. वीट आलाय मला."

ऑगस्टात परदेशी गेलेले सगळे सुट्टीला परततात. अदेरितोही आला, पण उतरला नदीपलीकडे, सासरी. तिथे रविवारी त्याच्या तान्ह्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. सुनेची आई माझी मामेबहीण, म्हणून मी गेले होते. कोकराचं मटण झकास होतं, पण मी ताट बाजूला सारलं. आईला न बोलावणाऱ्या अदेरितोचा असा संताप आला होता मला.

सोमवारी एर्मेलिंदा दारात आली. मी मुकाट्याने पिशवी पुढे केली. तिने पाव काही दिला नाही.

"काय गं, आज काही विचारलं नाहीस?"

"गडबडीत आहे जरा."

"वरच्या आळीत लुर्देशनेही नाही विचारलं. पाद्रीबाबांच्या बहिणीनेही नाही. आज अख्ख्या गावाला गडबड आहे होय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "अदेरितो आलाय," मी म्हटलं. "सासरी आहे. काल त्याच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. मी गेले होते."

ती गाडीच्या पायरीवर बसली. खालच्या आळीतून कुणीतरी ओरडलं, "एर्मेलिंदा, पाव आणतेस की नाही?" तिने तिकडे लक्षच दिलं नाही. एप्रनला हात पुसले. मग मान वर करून तिने मला विचारलं,

"घरचे कसे आहेत?"

"कुणाच्या घरचे गं?"

"माझ्या."