बंद फळीआडची तिकिटं

ती घटना आठवली की आजही मला स्वतःचाच राग येतो. नव्वदच्या दशकाचा मधला काळ होता. मी बेंगळुरूत पोलीस निरीक्षक होतो. रेसकोर्सपासून दूर, शहरात बेटिंगची केंद्रं निघाली होती आणि हाताने फाडायच्या तिकिटांच्या जागी तिथे नुकतेच संगणक आले होते.

खबर आणली एका ओळखीच्या मराठी शिंप्याने. त्यांची चौथी पिढी बेंगळुरूत. रविवारी ते एखादं तिकीट घ्यायचे.

"साहेब, सगळ्यांचा पैसा एकाच हंड्यात पडतो," ते म्हणाले. "सरकार आणि क्लब आपला वाटा काढतात, उरलेलं जिंकणाऱ्या तिकिटांत वाटतात. तिकिटं वाढली की प्रत्येकाचा वाटा घटतो. एवढं सरी, म्हणजे बरोबरच. पण घोडे सुटताना पडद्यावर असलेला भाव निकालानंतर उतरलेला असतो, आणि तोही फक्त जिंकलेल्या घोड्याचा. शेवटच्या क्षणी पैसा टाकणारे सगळेच एवढे शहाणे कसे हो?"

प्रश्न बिनतोड होता. संगणकाची यादी मागवली. शर्यत सुरू झाल्यावर छापलेली तिकिटं सापडली, सगळी तीन नंबरच्या खिडकीवरची, एकाच क्लार्क बाईंच्या गुप्त क्रमांकाने. महिला शिपायासोबत, रांगेतल्या लोकांसमोरून मी त्यांना ठाण्यात आणलं. नोकरीत कायम होण्याचा त्यांचा हुकूम त्याच महिन्यात निघायचा होता. तो थांबला.

"घोडे सुटले की मी खिडकीची फळी खाली ओढते, साहेब. जुनी सवय. मग मागं जाऊन पाणी पिते. बंद खिडकीतून तिकीट देऊ कुणाला?"

दिवसभर त्या हेच सांगत राहिल्या आणि मी यादी टेबलावर आपटत राहिलो. माणूस खोटं बोलेल, यंत्र कशाला बोलेल, असा माझा तोरा होता. संध्याकाळी त्यांना घरी जाऊ दिलं.

केंद्राचा सुपरवायझर मात्र भला वाटला. चहा मागवून त्याने समजावलं: शर्यत सुटताच रेसकोर्सवरचा मोठा संगणक विक्री बंद करतो, पण तो आदेश टेलिफोनच्या तारेवरून येतो. "लाइन अधूनमधून तुटते हो. तेवढ्यात मारलेलं तिकीट खपून जातं. बाईंनी तेच साधलं." मी जबाब लिहून घेतला, खाली सही घेतली.

दुसऱ्या दिवशी केस डायरी लिहिताना तो जबाब पुन्हा वाचला आणि पेन थांबलं. त्या काळात फोन बंद पडला तर माणूस टेलिफोन खात्याच्या डोक्यावर बसायचा. इथे ऐन शर्यतीत लाइन तुटत होती आणि कुणीच ओरडत नव्हतं? टेलिफोन कार्यालयात जाऊन तक्रारवही पाहिली. वर्षभरात त्या केंद्राची एकही तक्रार नव्हती.

पंचांसमोर सुपरवायझरच्या खोलीची झडती घेतली. संगणकाला जोडलेली टेलिफोनची तार भिंतीतून सहज उपटता येत होती. खणात एक वही सापडली. सगळ्या क्लार्कांचे गुप्त क्रमांक त्याने 'सोयीसाठी' त्यात लिहून घेतले होते.

"लाइन इतकी तुटायची, मग तक्रार का नाही केली?"

त्याने पाणी मागितलं. मग त्याने सगळं सांगितलं. शर्यत सुटली की तो तार काढायचा, लाउडस्पीकरवरचं समालोचन ऐकायचा आणि कोणता घोडा जिंकणार हे कळलं की बंद फळीआड बसून बाईंच्या क्रमांकावर तिकिटं मारायचा. मग तार पुन्हा जोडायचा, की ती तिकिटं मोठ्या संगणकात जमा व्हायची.

त्याला अटक केली आणि बाईंच्या घरी जाऊन माफी मागितली.

"घरात नको साहेब," त्या म्हणाल्या. "जिथून नेलंत, तिथं सांगा."

आता ती खिडकीही राहिली नाही, पैज मोबाइलवर लागते. पण यंत्र फक्त क्रमांक सांगतं. त्यामागे बोट कुणाचं होतं हे शोधायला पोलिसाला खुर्ची सोडावीच लागते. मी ती एक दिवस उशिरा सोडली, आणि तो दिवस बाईंना भोगावा लागला.

त्या कामावर परतल्या त्या शनिवारी मी गणवेशात तीन नंबरच्या खिडकीसमोर उभा राहिलो. बाई निर्दोष आहेत, चूक माझी होती, असं भरल्या रांगेला मोठ्याने सांगितलं. आत बाईंनी फळी वर ओढली.

"सरी साहेब," त्या म्हणाल्या. "आता बाजूला व्हा. लोक खोळंबलेत."