पी म्हणजे पुढे

क्लच म्हणजे काय ते मला आमच्या ह्यांनी शिलाई मशीनवर समजावून सांगितलं. लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालं असेल. हे मानोऱ्यात एका शेठच्या जीपवर ड्रायव्हर होते, आणि मी त्याच घराच्या मागच्या ओसरीत मशीन टाकून पोलकी, उशांचे अभ्रे, कापसाच्या गोण्यांची तोंडं, जे पडेल ते शिवायची. शाळा माझी दुसरीपर्यंतच, बाकीचं सगळं ऐकून आणि पाहून. तर हे म्हणाले, मशीनचा पट्टा काढला तर खालचं चाक फिरतं, पण सुई हलते का? नाही ना? क्लच दाबला म्हणजे पट्टा निघाला, सोडला म्हणजे बसला. आणि तो हळू सोडायचा, नाहीतर गाडी आचका देऊन बंद पडते. मला हे इतकं पटलं, की पुढं मी जीपमध्ये बसले की माझाच डावा पाय आपोआप खाली दाबायला लागायचा. हे हसायचे.

जीपचा आणखी एक रिवाज होता. हँडब्रेक कुठल्याच गाडीचा धड नसायचा. म्हणून गाडी उभी करताना इंजिन बंद करायचं आणि गेरात टाकून ठेवायची. गेरात टाकली की गाडी दाव्याला बांधलेल्या बैलासारखी, जागची हलत नाही. ही गोष्ट ह्यांच्या हाडात बसलेली. पुढं जे झालं ते ह्यातूनच झालं, म्हणून आधी सांगून ठेवते.

एका साली शेठनी मुंबईहून जुनी परदेशी गाडी आणली. पिकल्या जांभळाचा रंग, आणि लांबीला आमच्या खोलीपेक्षा मोठी. हे आत वाकून पाहून आले ते गपगपच जेवायला बसले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "क्लचच नाही वं तिले. खाली दोनच पायडल."

"मंग पट्टा कोण काढते?"

"तेच तं. तिची तेच काढते, तिची तेच लावते."

ह्यांनी ते काही भुताखेताचं म्हणून सांगितलं नव्हतं, जसं दिसलं तसं सांगितलं. पण मला त्या भर दुपारी अंगावर काटा आला.

शेठ ती गाडी कोणाला हात लावू देत नसत. ह्यांना चिडवायचे, की डायवर, तुमच्या डाव्या पायाले सुट्टी. स्वतःच चालवत, शेठाणीबाईंना मागे बसवून इंझोरीवरून कारंज्याला मंदिरात नेत. रोज दुपारी बाजारातून जेवायला आले की गाडी पुढच्या दारी लावायचे नाहीत, मागच्या अंगणातून थेट स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत आणायचे. शेठाणीबाई हातावर पाणी घालायला तांब्या घेऊन उभ्या. जेवून झालं की गाडी अंगणाच्या वरच्या टोकाला, गोडाऊनच्या पत्र्याखाली ठेवायचे. मग खुर्चीत पडायचे. चैत्रातल्या एका दुपारी तसेच जेवले, खुर्चीत पडले आणि उठलेच नाहीत.

मुलगा अमरावतीहून आला, तेराव्यानंतर परत गेला. त्याचं तिकडं कापडाचं दुकान होतं. आई, तू आता तिकडंच चल, असं तो म्हणत होता. शेठाणीबाई म्हणाल्या, वर्ष होऊ दे. घरात त्या एकट्या, दिवसभर सोबतीला मी. आणि पत्र्याखाली ती गाडी, तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे.

बॅटरी उतरू नये म्हणून गाडी रोज सकाळी चालू करून ठेवायचं काम ह्यांच्याकडे आलं. स्टेअरिंगच्या मागे एक दांडी आणि तिच्यासमोर इंग्रजी अक्षरं. गाडीसोबत एक पुस्तकही होतं, पण ते सगळं इंग्रजीत. ह्यांना इंग्रजीची अक्षरं ट्रकांच्या नंबर प्लेटवरून येत, एकेक सुटी. मग दोन-तीन दिवस ह्यांनी आपल्या अकलेनं शोध लावला. पी म्हणजे पुढे. आर म्हणजे राह्य, थांबून राहा. एन म्हणजे नाही. डी म्हणजे ढील. आणि एल म्हणजे लांब, त्याला लांबूनच नमस्कार. तुम्ही हसाल, पण गाडीनं एकेक गोष्ट खरी करून दाखवली. आरवर चावी फिरवली तर इंजिन हूं की चूं करत नव्हतं. म्हणजे राह्य म्हटलं की राहते. पीवर इंजिन चालू व्हायचं पण गाडी पुढे जात नव्हती, कितीही रेस द्या. तर पुढे जायचा गेर मोडला असेल. डीवर काय होतं ते पाहायची ह्यांची छाती झाली नाही.

म्हणून रोज सकाळी पीवर इंजिन चालवायचं, बंद करायचं, हँडब्रेक ओढायचा आणि दांडी आरवर आणून ठेवायची. गेरात टाकली, बांधली. चावी खिशात.

पहिल्यांदा कधी सरकली ते आम्हाला कळलंच नाही. एका सकाळी ह्यांना वाटलं, पत्र्याची सावली बॉनेटवर कमी पडते आहे. दुसऱ्या दिवशी पुढची चाकं सावलीच्या बाहेर. हमालांना बोलावून गाडी मागे ढकलून घेतली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. अंगणातल्या मऊ धुळीत चाकाचे माग, आणि त्यांच्या आजूबाजूला एकही पाऊल नाही. ह्यांनी दार उघडून पाहिलं तर दांडी आरवरच.

मी स्वतः पाहिलं ते सांगते. वैशाखातली दुपार. आमच्याकडे त्या वेळी रस्त्यावर कुत्रंही नसतं, रात्रीपेक्षा दुपारच जास्त मोकळी आणि भकास. मी बाही जोडत होते. शेठाणीबाई पायरीवर सूप घेऊन दाळ निवडत होत्या. मशीन थांबवलं तेव्हा बारीक किर्र असा आवाज आला, जात्यात खडा सापडावा तसा. मान वर करून पाहिलं तर काहीच नाही. गाडी उभी. नजर खाली घेतली, पुन्हा किर्र. घड्याळाच्या मोठ्या काट्यासारखं ते होतं, बघत बसलं तर हलत नाही आणि नजर काढली की पुढे गेलेला असतो. समोरच्या काचेत ऊन इतकं होतं की आत काही दिसत नव्हतं. बसायच्या जागी नुसता पांढरा उजेड. मी शेठाणीबाईंकडे पाहिलं. त्या दाळच निवडत होत्या. मान न उचलता एवढंच म्हणाल्या, "येऊ दे. जेवाची येळ झाली."

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, चाकाखाली धोंडा लावतो. पण शेठाणीबाईंनी लावू दिला नाही. म्हणाल्या, त्यायनं कधी लावला काय? धोंडा बैलगाडीले लावतेत.

तेव्हा ह्यांनी ठरवलं, की एकदा डी टाकून पाहायचंच. या रोगाचं मूळ ढीलमध्ये असेल. सकाळची वेळ, मी ओसरीत, शेठाणीबाई दारात. ह्यांनी एनवर इंजिन चालू केलं आणि दांडी खाली ओढली. दोन्ही पाय मुद्दाम वर उचलून धरले होते, दार उघडं होतं म्हणून मला दिसत होते. आणि गाडी चालायला लागली. रेस नाही, क्लच नाही, कोणाचा पाय नाही. लग्नातली नवरी चालते तशी ती हलकेच, तोंड खाली घालून, स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाली. हे आतून ओरडले, "म्या पाय लावला नाही." मग ह्यांच्या डाव्या पायानं आयुष्यभराच्या सवयीनं क्लच शोधला. क्लच नव्हता, रुंद ब्रेक होता, तो सगळ्या ताकदीनं दाबला गेला आणि ह्यांचं कपाळ स्टेअरिंगवर आपटलं. गाडी थांबली, पण इंजिन चालूच. जीप असती तर आचका देऊन मेली असती. ही मरत नव्हती. ब्रेकखाली थरथरत उभी होती, कधी सोडता म्हणून. ह्यांनी चावी काढली तेव्हा कुठं गप झाली.

शेठाणीबाई दारातूनच म्हणाल्या, "तुमी होते म्हणून थांबली, डायवर. ते असतेत तं पायरीपर्यंत येते."

मग गावात व्हायचं तेच झालं. शेठ गाडीत बसून जेवायला येतात, असं हमालांनी बाजारात सांगितलं. गाडी ढकलायला कोणी येईना. ती येत राहिली आणि शेठाणीबाई दुपारी तिच्या वाटेतच पायरीवर बसत राहिल्या, आता जवळ तांब्या ठेवून. मी म्हणायची, इकडं ओसरीत बसा. त्या जागच्या उठायच्या नाहीत. एका दुपारी मी आतून पाणी पिऊन आले तर गाडीचं नाक पायरीला टेकलेलं, आणि त्यांच्या गुडघ्यांमध्ये आणि लोखंडामध्ये सूप ठेवण्याइतकीही जागा नाही. त्यांनी एक हात बॉनेटवर ठेवला होता. बॉनेट उन्हानं तापलं होतं, हात भाजला असेल. पण तो हात त्यांनी काढला नाही.

त्या दिवशी हे पोस्टात गेले आणि अमरावतीला ट्रंक कॉल लावला.

मुलगा दुसऱ्याच दिवशी आला. आल्या आल्या आईला म्हणाला, पेटी भर, संध्याकाळच्या एसटीनं निघायचं. घराला कुलूप आणि गाडीला गिऱ्हाईक, दोन्हीची सोय तो करूनच आला होता. मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, की आई आणखी काय काय बोलते, रात्री झोपते का, जेवते का. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, वाईट माणूस नव्हता तो. पण शेठाणीबाईंचं त्या घराबाहेर काही नव्हतं. अमरावतीच्या माडीवरच्या खोलीत त्या सहा महिने काढणार नाहीत, हे मला दिसत होतं आणि त्यांनाही. त्यांनी पेटी भरली नाही. पायरीवर जाऊन बसल्या.

मुलगा गाडी पाहायला गेला. मुंबईहून गाडी आणताना तो बापाच्या शेजारी बसून आला होता. ह्यांनी अक्षरांचा सगळा हिशेब त्याला सांगितला. त्यानं ऐकून घेतलं, आत बसला, गाडी पायरीपासून बरीच मागं घेतली, इंजिन बंद करून दांडी पीवर नेली आणि हँडब्रेक सोडून दिला. म्हणाला, ढकला आता. ह्यांनी ढकललं, मग दोघांनी मिळून ढकललं. गाडी तसूभर हलली नाही.

"पी म्हणजे पार्किंग, डायवर," तो म्हणाला. "आन आर म्हणजे मागं जायाचा गेर. या गाडीत इंजिन बंद केलं की पी सोडून कोणताच गेर धरत नाही. तुमी तिले रोज मोकळी सोडून राह्यले होते. हँडब्रेक ऊन लागलं का ढिला पडते, आन अंगण उताराचं."

तो हसला, पण हे हसले नाहीत. हे हळूच पायरीकडे पाहत होते. मुलगा तिकडे गेला आणि आईसमोर उकिडवा बसला. अगदी मायेनं म्हणाला, "पाह्यलं ना आई? बाबा नाहीत. उतार हाय. आता चल."

शेठाणीबाईंनी सूप खाली ठेवलं. एवढ्या महिन्यांत त्यांचा चेहरा मी इतका स्वच्छ पाहिला नव्हता.

"मले माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पी. तुया बाबानं मले सांगतलं होतं, कारंज्याच्या रस्त्यावर. पीवर ठेवली का उभी राह्यते."

"मंग डायवरले काहून नाही सांगतलं?"

"उभी राह्यली असती म्हणून."

त्या पुढे म्हणाल्या, की बाबू, घरात काही हालत असलं की बरं वाटते, तेवढंच. लहान पोराचा पाळणा आपणच हालवतो, अन आपल्यालेच बरं वाटते. माह्यं डोकं फिरलं असतं तं मी तुले हे सांगतलं असतं काय? आता पीवर ठेव, चावी डायवरपाशी दे, अन जेवून जा.

मुलानं आईला निरखून पाहिलं. मग उठून ह्यांना घेऊन गाडी मागे पत्र्याखाली नेली, पीवर ठेवली आणि चावी ह्यांच्या हातात दिली. जेवला. संध्याकाळी एकटाच गेला. गिऱ्हाइकालाही नको म्हणून कळवलं, कारण आईनं तेवढं मागितलं होतं.

तर अशा रीतीनं घर राहिलं आणि शेठाणीबाई राहिल्या. मला तर माझं माहेरच राहिल्यासारखं झालं. पण खरं सांगू, मला भीती वाटायला लागली ती त्यानंतर. पत्र्याची सावली बॉनेटवर रोज त्याच रेघेवर पडायची. धुळीतले जुने माग वाऱ्यानं बुजले. अंगणात आता काहीच येत नव्हतं, आणि ते न येणं इतकं जाणवायचं, की मी मशीन थांबवायलाच धजत नसे. थांबवलं तर किर्र ऐकू येणार नाही, याचीच भीती.

शेठाणीबाई दुपारी त्याच पायरीवर बसत. तांब्या आत गेला होता. शेठचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. फक्त रोज एकदा, सूप पाखडता पाखडता, मला विचारायच्या, "हालली काय वं?" मी म्हणायची, नाही. त्या म्हणायच्या, बरं.

आखाड लागला, पोळा गेला. एका दुपारी त्यांनी विचारलं तेव्हा मला त्यांचा इतका कळवळा आला, की मी मान वर न करता म्हटलं, "हो, हालल्यासारखी वाटते बाप्पा जराशी."

सूप थांबलं. मला वाटलं, त्या उठून पाहायला जातील. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"खोटं नको बोलू, पोरी," त्या म्हणाल्या. "या घरात राहासाठी बाबूपाशी एकदा बोलली मी, तेवढं पुरे झालं. मले कोनं सांगतलं होतं पी का फी?"

आणि पुन्हा दाळ निवडायला लागल्या.