भाऊकाकांची पाठमोरी मोटार

आमच्या भाऊकाकांशी बोलायचं म्हणजे त्यांच्या पायांशी बोलायचं. बाकी सगळा माणूस मोटारीखाली आणि बाहेर फक्त दोन पाय. टाचांच्या भेगांत काळं तेल मुरलेलं, अंगठे आभाळाकडे. अंगणात आलेला माणूस त्या पायांनाच नमस्कार करून बोलायला सुरुवात करी. काका खालून उत्तरं देत आणि बोलणं रंगात आलं की त्यांचे अंगठे हलायला लागत. आमचे भटजी म्हणायचे, "भाऊरावांचं तोंड मी त्यांच्या मुंजीत पाहिलं. त्यानंतर आपली पावलंच पाहतोय."

भाऊकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील मी अगदी लहान असताना गेले. तेव्हापासून आई नि मी रत्नागिरीत काकांच्याच घरी. काका कचेरीत कारकून होते. कारकुनाच्या घरी मोटार कुठली यायला! पण एक गोरा साहेब नोकरी संपवून विलायतेला निघाला. त्याची जुनी मोटार खाऱ्या वाऱ्यात उभी राहून इतकी गंजली होती की कुणी हात लावीना. ती काकांनी आणली. आणली म्हणजे ढकलत आणली, अर्ध्या गावातून. वर कापडी टप, पुढे फिरवायचं हँडल, आणि एका दिव्याचा डोळा फुटलेला.

मोटार दुरुस्त करणारा माणूस त्या वेळी घाट चढून कोल्हापुरास. मग काका स्वतःच लागले. शिकवायला कुणी नाही. एकेक भाग सोडवायचा, फळीवर ओळीने मांडायचा, घासायचा, पुसायचा आणि उलट्या क्रमाने परत बसवायचा. सगळं बसवून झाल्यावर एखादा स्क्रू हमखास उरे. काका तो उजेडात धरून म्हणत, "हा तिला नकोच होता."

डावं दार उघडत नसे. वळण आलं की हॉर्न आपोआप वाजे. कुणी त्याबद्दल विचारलं तर काकांचं उत्तर ठरलेलं. "बिघाड नाही हो, सवय आहे तिची." माणसाच्या खोडी आपण चालवून घेतो तशा त्यांनी मोटारीच्या चालवून घेतल्या. पाण्याची टाकी गळायला लागली तेव्हा कुणीतरी सांगितलं, हळद टाका, भोकं बुजतात. काकूचा हळदीचा डबा रिकामा झाला. गळती थांबली खरी, पण मोटार तापली की पुढून पिवळं पाणी उडायचं. एकदा ते कचेरीतल्या हेडकारकुनाच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर उडालं. काकू कपाळाला हात लावून म्हणाली, "घरात लग्नाची मुलगी बसल्ये आणि हळद लावताय मोटारीला!" ब्रेकचं चामडं झिजलं तेव्हा काकांनी आपल्या नव्या वहाणांचे तळ कापून तिथे ठोकले नि अनवाणी कचेरीत गेले. त्यावर काकू म्हणाली, "मोटार वहाणा घालून फिरत्ये, धनी अनवाणी."

मला मात्र हसू येत नसे, लाज वाटे. मोटार भर बाजारात बंद पडे आणि आम्ही उतरून ढकलायला लागू. वाण्याच्या दुकानातले लोक हातातला तराजू तसाच धरून बघत राहत. शाळेत मुली पेट्रोलचा वास आला की नाक दाबून म्हणत, "तुझे काका आले वाटतं गो!" आणि सगळ्यांत मोठी लाज चढाची. या मोटारीची पेट्रोलची टाकी बैठकीखाली होती. तिथून पेट्रोल आपल्या वजनाने इंजिनाकडे उतरायचं. चढ उभा असला की मोटारीचं नाक वर, टाकी खाली, पेट्रोल पोचायचंच नाही. यावर काकांनी तोड काढली होती. चढाच्या पायथ्याशी मोटार फिरवायची आणि मागच्या मागे चढवायची. आता टाकी वर, इंजिन खाली! काका मान वळवून, एक हात बैठकीवर टाकून ऐटीत चालवत आणि रस्त्यावरची पोरं खेकडा बघितल्यासारखी ओरडत, "कुर्ली आली रे, कुर्ली!" मी पदर तोंडावर ओढून घ्यायची.

पण याच मोटारीतून त्यांनी माझ्या आईला समुद्र दाखवला. ती विधवा. मागल्या दारापासून विहिरीपर्यंत एवढंच तिचं जग. एका दुपारी टप चढवून, बाजूंना धोतरं बांधून काकांनी तिला मांडवीवर नेलं आणि स्वतः पाठ करून दूर उभे राहिले. आई बराच वेळ नुसती बघत होती. परत येताना मोटार बंद पडली ती पडलीच, पण आई त्या दिवशी ढकलतानासुद्धा हसत होती.

माझं लग्न संगमेश्वराकडल्या एका गावात ठरलं. माणसं चांगली, घरचं भात, घरचे आंबे. घर मात्र उभ्या चढाच्या माथ्यावर, रस्त्याला लागून. लग्न रत्नागिरीस झालं आणि वरात निघायच्या वेळी काकांनी जाहीर केलं, "मुलगी मोटारीतून सासरी जाणार. बाप नाही म्हणून पोर बैलगाडीतून गेली, असं वहिनीला वाटता नये." माझे सासरे, त्यांना आम्ही मामंजी म्हणत असू, तेही खूश झाले. त्यांच्या गावात तोवर मोटार आली नव्हती. ते वऱ्हाडाबरोबर पहाटेच गाड्यांनी पुढे गेले.

आम्ही मागून निघालो. मागे मी नि हे, पुढे काका नि पाठराखीण म्हणून काकू. वाटेत मोटार एकदाही थांबली नाही. काका गुणगुणत होते. चढाच्या पायथ्याशी आलो. वरून ताशांचा आवाज येत होता. काकांनी काय केलं असेल? इतक्या वर्षांची हाताला सवय. त्यांनी मोटार फिरवली आणि मागच्या मागे चढवायला सुरुवात केली. काकू म्हणाली, "अहो, आज तरी..." काका म्हणाले, "त्याशिवाय चढायची नाही ती."

मला मागचं दिसत नव्हतं. मी खाली उतरत जाणाऱ्या रस्त्याकडे बघत बसले होते. ताशे जवळ आले आणि एकदम थांबले. मोटारही थांबली. मग एका म्हातारीचा आवाज आला, "अगो बाई, लक्ष्मी पाठमोरी आली!"

मी मान वळवली. दारात सासूबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या. सारा गाव उभा. आणि मी, त्या घरची नवी लक्ष्मी, घराकडे पाठ करून, निघून चालल्यासारखी! काका उड्या मारत उतरले होते. शाबासकी मिळेल अशा चेहऱ्यानं. सासूबाईंचं तोंड पाहिल्यावर त्यांचा चेहरा उतरला. तरी ते म्हणाले, "विहीणबाई, बिघाड नाही हो काही. सवय आहे तिची."

सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घराची सवय अशी, की सून तोंडानं आत येते."

गुरवाला बोलावलं. ग्रामदेवीला कौल लावला. देवीला चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवी पडली, म्हणजे होकार, आणि ठरलं, की नवरीनं परत पायथ्याला जावं आणि तिथून पायी, घराकडे तोंड करून यावं. मोटार खालीच राहावी. काका ती खाली घेऊन गेले. उतारावर ती सुरेख सरळ गेली, तेवढीच! मी मागून काकूचा हात धरून उतरले. पायथ्याशी काका मोटारीला टेकून उभे होते. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. मग मी चढ चढले. भरजरी लुगडं, मुंडावळ्या, कपाळावरून घाम, आणि दोन्ही बाजूंना बघे. वर पंगती बसल्या. काकांना बोलवायला माणूस गेला, पण ते आले नाहीत. काकू पानावरून तशीच उठली आणि दोघं उपाशी रत्नागिरीस परतली.

सासूबाई दुष्ट नव्हत्या. पण दूध नासलं की त्या माझ्याकडे बघत. गाय आटली तेव्हा शेजारीण म्हणाली, "पाठमोरीचा पायगुण." मामंजींनी एवढंच सांगून ठेवलं होतं, "ती मोटार पुन्हा या चढावर दिसता नये." दिवाळसणाला मला न्यायला काका आले नाहीत. काकूचा भाऊ आला, बैलगाडीतून. "माहेरचा कर्ता पुरुष कुठाय?" असं कुणी विचारलं नाही. न विचारणंच जास्त लागलं.

घरी पोचले तर अंगणात मोटार, आणि खाली ते पाय. मी जवळ जाऊन म्हटलं, "काका, मी आल्ये."

अंगठे हलले नाहीत. मग खालून आवाज आला, "वहिनीला सांग, पोर दमली असेल. पाणी दे म्हणावं."

"काय झालंय हो तिला?" मी मुद्दाम विचारलं.

"बिघाड आहे," काका म्हणाले. तो शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

काकूनं मला आत नेऊन सांगितलं, "लग्नापासून असंच चाललंय. पूर्वी मोटारीसाठी खाली जायचे, आता तोंड लपवायला जातात. आज तर नुसतेच पडून आहेत, हातात पाना नाही की काही नाही." मी माहेरी होते तेवढे दिवस काका माझ्यासमोर जेवायला बसले नाहीत. आई म्हणाली, "भाऊजी, झालं ते झालं. तुम्ही हौसेनं केलंत." त्यावर काका म्हणाले, "वहिनी, हौस माझी होती. चढ तिला चढावा लागला."

त्यानंतर त्यांनी ध्यास घेतला, पेट्रोलची टाकी वर आणायची. पत्र्याचे डबे करणाऱ्याकडून नवी टाकी करून घेतली आणि ती पुढच्या काचेच्या बुडाशी, इंजिनाच्याही वर बसवली. सांधा गळला, पुन्हा कथलाचा डाग दिला. पेट्रोलचा भडका उडून मिशी जळाली. पुन्हा केलं. मोटार सरळ चढायला लागली तरी त्यांचा विश्वास बसेना. दगडधोंडे भरून ते गावातला प्रत्येक चढ चढून बघत. वाटेत कुणी हात केला तरी बसवून घेत नसत. "माणूस नको," म्हणत.

वैशाखात एका सकाळी सासूबाई आणि मी अंगणात आंब्याच्या रसाची साटं वाळत घालत होतो. अंगणाच्या फाटकाशी, बेड्यापाशी काका दिसले. स्वच्छ कोट, टोपी, घामानं निथळलेले. चढ पायी चढून आले होते. आत येईनात. मामंजी ओटीवरून उठले, "अहो या, बाहेर का?"

"मोटार पायथ्याशी ठेवल्ये," काका म्हणाले. "आपण वर आणू नका म्हणालात, म्हणून विचारायला आलोय. एकदाच आणतो. तोंड पुढे करून. आत कुणी नाही. तेवढं बघा, मग परत येणार नाही."

मामंजींनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या साटं सारखी करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आणा."

काका गेले. बातमी पसरली नि आवाठातली, आसपासच्या घरांतली माणसं अंगणाच्या दगडी गडग्यावर येऊन बसली. खालून इंजिनाचा आवाज आला. मी माजघराच्या दाराआड उभी होते. आवाज मध्येच अडला. कुणीतरी हसलं. पुन्हा सुरू झाला. आणि आधी दिवे दिसले, मग नाक, मग काका, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलेले. मोटार सरळ अंगणासमोर येऊन थांबली. काका उतरले, पण लग्नाच्या दिवशी उतरले तसे नव्हे.

सासूबाई हात धुऊन पुढे झाल्या. "पान मांडत्ये," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी माझ्या दारातून उपाशी गेलात. ते मला बोचतंय हो."

काकांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "स्वच्छ नाहीत."

सासूबाईंनी ऊन पाणी आणलं, रिठे आणले. स्वतः पाणी घातलं. काकांनी खूप चोळले, पण नखांतलं काळं काही निघालं नाही. तसेच जेवायला बसले. मी वाढत होते. आग्रह केला की "पुरे" एवढंच. पानावरून मान वर केली नाही. सासूबाई म्हणाल्या, "आता सगळं विसरायचं. पोरीला घेऊन जा चार दिवस, मोटारीतूनच जा."

"नको," काका म्हणाले. "ती मागून येऊ दे. बैलगाडीनं."

पाठमोरी हा शब्द त्यानंतर आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. सासूबाईंनी मनापासून क्षमा केली होती. ती काकांनी घेतली नाही. पावसाच्या आधी त्यांनी मोटारीवर माडाची झापं घातली आणि पुन्हा कधी ती बाहेर काढली नाही.

पुढे आमच्या रस्त्यानं प्रवासी नेणारी सर्व्हिस मोटार सुरू झाली. थेट आमच्या दारापाशी थांबायची. काका वर्षातून एक-दोनदा माझ्या मुलांना भेटायला तिनंच यायचे. पण पायथ्याशी उतरत. ड्रायव्हर म्हणे, "अहो बसा की, वर जात्ये गाडी." काका म्हणत, "तुम्ही व्हा पुढे." आणि पायी चढत, हळूहळू, घराकडे तोंड करून. ऊन असो, पाऊस असो. शेवटी शेवटी मध्ये दगडावर टेकत. यांनी एकदा विचारलं, "काका, हा कसला नेम?" तर म्हणाले, "पोरीला चढायला लावलं ना मी."

म्हणून मोटार येऊन गेली, उतरायची ती माणसं उतरून घरोघर गेली, तरी मी ओटीवर उभी राहायची. चढावरून त्यांची टोपी दिसेपर्यंत. एका वर्षी, फार थकलोय पण येतो, म्हणून निरोप होता. मोटार आली, गेली. मी उभी राहिले. सासूबाई आतून दोनदा म्हणाल्या, "आत ये गो, ऊन लागेल." मग त्याही बाहेर आल्या आणि माझ्याशेजारी उभ्या राहिल्या.

चढावरून कुणीच आलं नाही.